दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला माळकरी आहे. दारूला शिवत नाही, पण वड्यावर वडे खातो आणि वर म्हणतो, "लिव्हर दारुड्यांचं जातं ओ काका!"

आमची हीसुद्धा कधी प्यायली नव्हती. लिव्हरवर चरबी निघाली तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पुढे त्यातनंच कॅन्सर झाला आणि ती गेली. दवाखान्यात तिला हाच न्यायचा. तिला हिसका बसू नये म्हणून खड्ड्यात रिक्षा हळू घ्यायचा. आता मागे मी एकटाच असतो, तरी हळूच घेतो.

परवा त्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. हसत म्हणाला, "जरा चरबी आहे म्हणे."

मी तोंडावर सांगितलं, "हिचीही जराच होती."

त्याने रिपोर्ट परत उघडून पाहिला. मग म्हणाला, "काका, डॉक्टरकडे सोबत येता काय?"

हिला ज्यावरून उचलून नेलं, तो दवाखान्याचा जिना मला परत बघायचा नव्हता. तरी त्याच्याबरोबर चढलो.