ट्रस्टचे पैसे संपता संपेनात

पैसे जमवणाऱ्या ऑफिसात फायली साठतात, पैसे संपवणाऱ्या ऑफिसात किस्से. हे मी अनुभवाने सांगतोय. बँकेत तीस वर्षं काढली. तिथला सांगण्यासारखा किस्सा एकच, तोही मॅनेजरच्या डब्याचा. पण रिटायर झालो, मंडईजवळच्या एका ट्रस्टमध्ये कामाला लागलो आणि बायको रोज जेवताना विचारायला लागली, "आज काय झालं?" लग्नानंतर पहिल्यांदाच तिला माझ्या नोकरीत रस वाटला!

ट्रस्ट कसला, तर संपण्यासाठी काढलेला. आप्पा म्हणून एक गृहस्थ होते. लोखंडी कपाटांच्या धंद्यात बक्कळ कमावलं. मृत्युपत्रात लिहून ठेवलं, "माझ्यामागे वीस वर्षांत सगळं देऊन मोकळे व्हा. फार जगलेले ट्रस्ट स्वतःलाच पोसायला लागतात." वर आणखी एक अट. पैसा द्यायचा तो टिकाऊ वस्तूलाच. इमारत, मशिन, खाट, पाण्याची टाकी. पगार, भाडं, समारंभ, हारतुरे यांना एक पै नाही.

हे पार पाडायचं आप्पांच्या मुलीने, म्हणजे माईंनी. मी लागलो तेव्हा माई अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मी आहे तोवर हे संपलं पाहिजे, गायकवाड. वडिलांना शब्द दिलाय." हे त्यांनी चहा विचारण्याआधी सांगितलं. चहा नंतरही विचारला नाही. चहा टिकाऊ वस्तूत बसत नव्हता!

*

अर्जदार आला की माईंचा प्रश्न ठरलेला: "ठोकलं तर वाजतं का?"

वस्तू आहे की नुसत्या गप्पा, हे ओळखायची ही आप्पांची पद्धत. एकदा बाणेरहून एक तरुण आला. शर्ट कडक इस्त्रीचा, लॅपटॉप चकचकीत. "आम्ही संस्थांसाठी एक इकोसिस्टिम बिल्ड करतोय," म्हणाला आणि अर्धा तास स्लाइड्स दाखवल्या. वर्तुळं होती, बाण होते, हसणारी मुलं होती. माईंनी सगळं शांतपणे पाहिलं.

"छान. ठोकलं तर वाजतं का?"

पोरगा गोंधळला. माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी बिचाऱ्याने लॅपटॉपवरच टकटक केली.

"हा तर तुमच्याकडे आहेच की!" माई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा अर्ज उघडला.

*

दुसरे ट्रस्टी शेखसाहेब. भवानी पेठेत तीन पिढ्यांचा पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना. आप्पा उमेदवारी करायचे ती त्यांच्या वडिलांकडे. शेखसाहेबांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, आणि कुठलीही वस्तू स्वतः वापरून बघितल्याशिवाय ते मंजुरीची सही करत नसत.

एका छोट्या धर्मादाय दवाखान्याला दहा खाटा द्यायच्या होत्या. एका गुरुवारी आम्ही दुकानात गेलो. शेखसाहेबांनी बूट काढले, टोपी उशाशी ठेवली आणि एका खाटेवर आडवे झाले. "पाच मिनिटं पडून बघतो. पेशंटची पाठ आहे, तिचा विचार केला पाहिजे."

पाच मिनिटांनी ते घोरत होते!

दुकानदार म्हणाला, उठवू का? मी म्हटलं, टेस्ट चालू आहे, मध्ये बोलू नका. पाऊण तास टेस्ट चालली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्या झोपेकडे पाहून दोघांनीही तीच खाट बुक केली. शेखसाहेब उठले, टोपी घातली, म्हणाले, "हीच द्या. दहा."

दुकानदाराने हात जोडले. "साहेब, खाटांवर वीस टक्के सूट. फक्त दर गुरुवारी येत चला!"

ऑफिसात येऊन सांगितलं तर माईंचा चेहरा पडला. "सूट घेतलीत? अहो, संपवायचेत ना?"

*

खरंच सांगतो, पुण्यात पैसे मिळवणं सोपं, संपवणं महाकठीण. कारण ज्याला द्यावेत तो काटकसरी निघतो.

बिबवेवाडीत सुरेखाताईंचा शिवणकामाचा गट होता. सहा बायका, सहा मशिनं, असा अर्ज. आम्ही मंजूर केला. महिन्याने सुरेखाताई हजर, हातात पाकीट. "माई, आम्ही सहाजणी मिळून गेलो होतो दुकानात. मालकाला बोलायलाच दिलं नाही. एवढे वाचले, हे घ्या."

माईंनी पाकिटाकडे असं बघितलं, जणू ताईंनी मेलेली पाल आणली होती. "अहो, आम्ही द्यायला बसलोय आणि तुम्ही परत काय आणताय? सातवं मशिन घ्या."

"सातवी बाई नाही ना पण."

"मग शोधा!"

"अशी कुठून शोधू? रिकामी बाई असते का कुठे?"

त्यावर माईंनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. सातव्या मशिनवर आता माझी बायको बसते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी डबा स्वतः करतो.

*

आमचं नाव कुठे लावायचं नाही, हीही आप्पांचीच अट. एका शाळेला पाण्याची टाकी दिली. मुख्याध्यापकांना बजावून सांगितलं, पाटी नको. उद्घाटन नव्हतंच, म्हणून मी सहज बघायला गेलो तर टाकीवर हातभर मोठी पाटी:

"ही टाकी ज्यांनी दिली त्यांनी नाव लिहू नये असे सांगितले आहे. कृपया चौकशी करू नये."

मी शाळेत असेपर्यंत चारजण चौकशी करून गेले.

*

तिसरे ट्रस्टी माईंचे भाचे, राहायला अमेरिकेत. मीटिंगला व्हिडिओ कॉलवर यायचे. इथे आमची सकाळ, तिथे त्यांचे डोळे मिटत आलेले. एका मीटिंगला ठराव वाचून झाला आणि स्क्रीनवर भाचेसाहेबांनी हात वर केला. तो वरच राहिला. तोंड अर्धवट उघडं, हात वर.

"नेट गेलं," मी म्हटलं.

"हात तर वर आहे ना?" शेखसाहेब म्हणाले. "लिहा, एकमताने मंजूर."

हात वर होता तेवढ्यात आम्ही आणखी दोन ठराव घेतले. इतकी वेगवान मीटिंग ट्रस्टच्या इतिहासात झाली नव्हती. माई खूश. चेक त्याच दुपारी गेले. दुसऱ्या दिवशी भाच्यांचा मेसेज आला: "सॉरी मावशी, कनेक्शन गेलं. मी हात दाखवून थांबा थांबा म्हणत होतो."

माई मला म्हणाल्या, "त्याला लिहा, थांबलो होतो. तुझा हात खाली येईना."

*

धायरीला आम्ही अभ्यासिका बांधून दिली. जागा बबनअण्णांची. अण्णांचं सगळं घराणं शेतीतलं. शेतांवर आता सोसायट्या झाल्या, तरी उरलेल्या तुकड्यातला एक त्यांनी पोरांच्या अभ्यासासाठी दिला. इमारत झाली की सहा महिन्यांनी, न कळवता, तपासणीला जायचं अशी माईंची रीत. कारण बांधलेल्या खोलीत लोक काय काय भरतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. एका वाचनालयात तर सिमेंटची पोती निघाली होती.

आम्ही गेलो तर अभ्यासिकेचं दार बंद. बाहेर ओट्यावर बबनअण्णा वैतागून बसलेले.

माईंचा आवाज चढला. "अण्णा, दिवसाढवळ्या दार बंद? किल्ली कुठे आहे?"

"किल्ली कशाला, ताई? कुलूप न्हाईच. आतनं कडी लावलीया."

"आत कोण आहे?"

"आमची सून! म्हन्ती, मला बी परीक्षा द्यायचीय. सकाळी धाला आत गेली ती भाईर न्हाई. घरात समदी जेवायची खोळंबलीत. हाक मारली तर आतनं वरडती, शांतता राखा! आमच्याच जागेत, आमालाच!"

दार ठोकायला उचललेला हात माईंनी खाली घेतला.

"चला गायकवाड," हळू आवाजात म्हणाल्या, "तपासणी झाली."

*

आता जरा वेगळं बोलतो. चार-पाच वर्षांत ट्रस्टचा पैसा खरोखर आटत आला, आणि मला वाईट वाटायला लागलं. माझं काय, मला पेन्शन आहे, नातवंडं आहेत. पण माई एकट्या. यजमान जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रोज अकराला त्यांची रिक्षा खाली यायची. मंडईतले भाजीवाले त्यावर घड्याळ लावायचे. ट्रस्ट संपला नाही तर वडिलांना दिलेला शब्द मोडणार. संपला तर सकाळी अकरा वाजता जायचं कुठे? हा हिशोब त्यांच्या लक्षात आला नसेल असं होणं शक्य नव्हतं.

एकदा धीर करून विचारलं, "माई, सगळं संपल्यावर तुम्ही काय करणार?"

"विश्रांती," त्या म्हणाल्या. "लोक करतात म्हणे." आणि चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

*

शेवटच्या वर्षी एके सकाळी त्यांना साक्षात्कार झाला. "गायकवाड, ही टेबलं-खुर्च्या कुणाची?"

"आपली."

"म्हणजे ट्रस्टची मालमत्ता. म्हणजे संपवायची!"

आठ दिवसांत एका रात्रशाळेचा टेम्पो आला आणि सगळं घेऊन गेला. पुढच्या मीटिंगला शेखसाहेब आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "माई, निदान माझं वय बघा."

"उभ्याने मीटिंग लवकर संपते," माई म्हणाल्या. बारा मिनिटांत संपली. टेबल नसल्यामुळे भाचेसाहेबांचा फोन सबंध वेळ मी हातात धरून उभा होतो, त्यामुळे त्यांना मीटिंगभर छताचा पंखा दिसला. तो तेवढा आपण ठेवू, असं त्यांनी सुचवलं. पंखा पुढच्याच आठवड्यात गेला.

राहिली ती ऑफिसची जागा. दोन खोल्या, आप्पांनी स्वतः घेतलेल्या, मंडईपासून हाकेच्या अंतरावर. एका बिल्डरने वाटेल तो भाव देऊ केला. पण मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवणारी एक संस्था जागेच्या शोधात होती, आणि माईंनी ते ऐकलं होतं. पहाटेपासून पोरं टोपल्यांच्या मागे झोपवून धंदा करायचा, हे त्या रोज रिक्षातून उतरताना बघत आल्या होत्या.

शेखसाहेबांनी मुद्दा काढला, "जागा ही वस्तू धरायची का?"

माईंनी भिंतीवर जोरात थाप मारली. थोडा पोपडा पडला. ठराव मंजूर झाला.

मार्चअखेर खात्यावर शून्य आलं. माईंनी पासबुक जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. "झालं हो, आप्पा," असं मोठ्याने म्हणाल्या. शेखसाहेबांनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले होते. किल्ल्या संस्थेच्या बाईंच्या हातात दिल्या आणि माई रिक्षात बसून गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मी आणि शेखसाहेब बराच वेळ फुटपाथवर उभे होतो. दोघांनाही घरी जायची इच्छा नव्हती.

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी बायकोने मला मेथी आणायला मंडईत पाठवलं. मेथी घेतली, आणि पाय आपोआप त्या जिन्याकडे वळले. म्हटलं, बघून तर येऊ.

जिन्यापासूनच कालवा ऐकू येत होता. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत भिंतींना पिवळा रंग, फरशीवर सतरंजी, तिच्यावर दहा-बारा पोरं. तीन रडत होती, बाकीची त्यांच्याकडे बघत होती. दारात एक मुलगी रजिस्टर घेऊन बसलेली. नवीनच असावी, आम्हाला कुणालाच ओळखत नव्हती. भाजीवाल्या बायका एकेक पोर तिच्या हवाली करून, नाव सांगून, घाईघाईने खाली पळत होत्या.

रांगेत सगळ्यात शेवटी माई उभ्या होत्या.

कडक इस्त्रीची साडी. हातात कापडी पिशवी, त्यातून डबा आणि पाण्याची बाटली डोकावत होती. मला त्यांनी पाहिलं, नक्की पाहिलं, आणि ओळख न दाखवता पुढे सरकल्या. मी मेथीची जुडी घेऊन जिन्यातच थांबलो.

माईंचा नंबर आला. मुलीने रजिस्टरमधून मान वर केली, माईंच्या आजूबाजूला पाहिलं, मागे पाहिलं. बरोबर पोर कुठेच दिसेना.

"आजी, कोणाला सोडायला आलात?"

"मलाच," माई म्हणाल्या.