करकंबच्या मोटारीची धूरनळी

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत रुद्रप्पाचं घर होतं आणि घराच्या परसात त्याची सर्व्हिस मोटार उभी असायची. आज सोलापूरहून मोडनिंबवरून करकंब, उद्या परत, असा तिचा क्रम. इंजिन अमेरिकेचं, पण मागचा सांगाडा सोलापूरच्या सुतारानं केलेला. लाकडी बाकं, खाली फळ्या, बाजूंना किंतानाच्या जाड कापडाचे पडदे.

रुद्रप्पाची बायको निंगव्वा अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. नऊ वर्षांत ती मराठी शिकली आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून ऐकून मोटारही शिकली. संध्याकाळी मोटारीचे पाने पुसून फडक्यात गुंडाळून ठेवायचं काम तिच्याकडे असे. कुठला पाना कुठल्या नटाला लागतो, हे तिला पुसता पुसताच पाठ झालं होतं.

१९३४ सालच्या थंडीत एक वाईट गोष्ट घडली. मोडनिंबची बाळाबाई नावाची मेंढरं राखणाऱ्या घरातली म्हातारी घोंगड्या विकून रुद्रप्पाच्या मोटारीतून परत चालली होती. वारा बोचरा, म्हणून सगळे पडदे सोडलेले. इंजिनाचा धूर मागे नेणारी नळी गंजून तिची चाळण झाली होती. तो धूर फळ्यांच्या फटींतून आत साठत गेला. मोडनिंब दोन कोसांवर राहिलं असताना बाळाबाईची मान कलली. तिला उतरवून रस्त्याकडेला निजवलं, तेव्हा बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. ही हकीकत रुद्रप्पानं घरी सांगितली आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

बातमी फौजदारापर्यंत गेली. त्यानं सोमवारची मुदत दिली. तोवर नळी बदलली नाही तर मोटार रस्त्यावर यायची नाही. मूळ कंपनीची नळी अमेरिकेहून यायला दोन महिने लागणार होते, म्हणून रुद्रप्पानं मुंबईच्या एका दुकानातून कुठल्याही मोटारीला बसेल अशी नळी आणि सायलेन्सर मागवला. शनिवारी पार्सल आलं. त्याच सकाळी इंजिन चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि रुद्रप्पाचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यातून तो हाताला फळ्या बांधून आला. ओळखीच्या मिस्त्रीकडे निरोप धाडला, तर त्याच्याकडे आठ दिवस हात मोकळा नव्हता. रुद्रप्पा भिंतीला टेकून बसला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हात बरा हुईस्तवर म्हैना-दीड म्हैना बसल मोटार."

निंगव्वा पार्सलची दोरी सोडत होती. "मोटार बसली की लोकं दुसऱ्या मोटारीची सवय लावून घेत्याल. तुमी हितं बसून सांगा, मी बसवते."

"वजन हाय त्याला, निंगव्वा."

"भरल्या घागरीपेक्षा जास्त हाय का?"



रविवारी उजाडताच तिनं लुगडं वर खोचलं, गळ्यातलं इष्टलिंग चोळीच्या आत सरकवलं आणि मोटारीखाली पोतं अंथरलं. जॅकवर भरवसा ठेवू नको, असं रुद्रप्पानं बजावलं, म्हणून तिनं खाली बाभळीचे ओंडके सारले. गंजलेल्या नटांवर रात्रीच घासलेट सोडून ठेवलं होतं. तीन नट सुटले. चौथा काही हलेना, तो छिन्नीनं तोडावा लागला. गंजाचा भुगा तिच्या डोळ्यांत गेला. बाहेर येऊन तिनं तोंड धुतलं आणि परत आत गेली.

गल्लीतल्या बायका डोकावून गेल्या. शेजारची शरणम्मा तर बाईमाणसाला हे शोभतं का, एवढंच सांगायला आली होती. पण सायलेन्सर एका हातानं पेलून दुसऱ्यानं नट लावायची निंगव्वाची धडपड तिनं पाहिली आणि बोलायचं सोडून ती गुडघ्यांवर बसली. नळीचं दुसरं टोक तिनं धरलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही.

नवी नळी चार बोटं लांब निघाली. ती करवतीनं कापली. इंजिनाला जोडायच्या पट्टीची भोकं जुळेनात, ती कानशीनं रुंद केली. दुपार कलली तेव्हा नळी जागेवर बसली होती.

आता इंजिन चालू करायचं होतं. "अंगठा दांड्याला वेढू नको, बोटांच्याच बाजूला ठेव," रुद्रप्पा पुन्हा पुन्हा सांगत होता. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. धूर कोंडला की कुठं गळतंय ते कळेल, म्हणून निंगव्वानं ओलं फडकं नळीच्या मागच्या तोंडावर दाबायला शरणम्माला सांगितलं आणि स्वतः वाकून पुढचा सांधा पाहिला. तिथून धुराची बारीक रेघ निघत होती.

"येवढं चालतंय," रुद्रप्पा म्हणाला. "फौजदाराला दिसायचं न्हाय."

"फौजदाराला न्हाई दिसलं तरी आत बसणाऱ्याच्या नाकात जाईल की."

तिनं इंजिन बंद करायला लावलं आणि सांधा गार होईपर्यंत ती परसात बसून राहिली. मुंबईहून सांध्यात घालायला आलेली चकती पातळ होती, गंजानं पडलेल्या खाचा भरून काढायला अपुरी. मग तिला माहेरच्या गावचा तांबट आठवला. तो म्हणायचा, तांबं तापवून गार केलं की मऊ पडतं, मग ते दाबाल तसं बसतं. घरात तळ गेलेली एक तांब्याची कळशी होती. तिचा पत्रा कापून निंगव्वानं चकती केली, चुलीत लाल केली, पाण्यात टाकली. पुन्हा सगळे नट सोडले. पुन्हा सगळे आवळले. शेवटच्या नटाला पाना दोनदा निसटला.

या वेळी सांध्यातून काही आलं नाही. तरी तिचं समाधान होईना. पडदे सोडून, इंजिन चालू ठेवून ती एकटी मधल्या बाकावर जाऊन बसली. पाठीमागची खिडकी तेवढी उघडी ठेवून रुद्रप्पा बाहेरून दर थोड्या वेळानं तिला हाक मारत होता आणि ती ओ देत होती. मग तिनं ती खिडकीही लावायला सांगितली. अर्ध्या तासानं उतरली तेव्हा तिचं डोकं दुखत नव्हतं, फक्त भूक लागली होती.

सोमवारी फौजदारानं टोपी काढून मोटारीखाली डोकं घातलं. कोण मिस्त्री, असं त्यानं विचारलं.

"आमच्या घरातनंच बसवली, सायेब," रुद्रप्पा म्हणाला. "बायकोनं."

फौजदारानं एकदा त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

हात बरा होईपर्यंत रुद्रप्पाच्या ओळखीचा चन्नप्पा मोटार चालवत होता. मनगट जुळलं, पण त्यात पूर्वीचं बळ आलं नाही. नट आवळायचं काम मग निंगव्वाकडेच राहिलं. पुढच्या वर्षी पंढरपूरच्या रस्त्यावरच्या दोन मोटारीही तिच्या परसात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे मालक आधी रुद्रप्पाशीच बोलायचे. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, तिला इचारा, ती चुलीपाशी हाय.