काचेवरचं नाव

ऐंशी सालाच्या आसपास मी आमचं शेलू गाव सोडलं, त्या सकाळी आईने तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, कुटली आणि मिशेरीचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. "मुंबईची पावडर नको लावू गं, दात ढिले व्हतील." मला मुंबईत कॅन्सरच्या लॅबमध्ये तपासायच्या पेशींच्या काचपट्ट्या रंगवायची नोकरी लागली होती, आणि वर्षभर मी तिथे मिशेरी लावूनच जात होते. हसा, बायांनो! तुम्ही अजून लावताच की.

एकदा आमच्या डॉक्टरबाईंनी नव्या मायक्रोस्कोपखाली निरोगी पेशी दाखवली. मधे केंद्रक, भोवती बारीक तंतूंचं जाळं. हे तंतू केंद्रकाला जागेवर धरतात, त्याचा आकार राखतात, म्हणाल्या. मला आमच्या घराचा, कारवीच्या काठ्या विणून केलेला कूड आठवला. मग कॅन्सरची पेशी दाखवली. तंतू विस्कटलेले, केंद्रक सुजून वेडंवाकडं झालेलं. कुठली पेशी, विचारलं तर म्हणाल्या, "मिशेरीवालीच्या गालातली." डबा त्याच दिवशी गटारात ओतला.

शिमग्याला काचपट्टी घेऊनच घरी गेले. आईच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. दवाखान्यात चल म्हटलं तर उसळलीच. "मला काय धाड भरलीय? माझं नाव तिथं लिवायचं नाय. नाव लिवलं की रोग घर शोधीत येतो." कशीबशी चट्टा खरवडू दिला. मग काचेवर मी माझंच नाव घातलं.

चार दिवसांनी डॉक्टरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "केंद्रकं बरी दिसत नाहीत गं तुझी." मी जिभेने माझाच गाल चाचपू लागले. काच कोणाची हेच विसरले. मग आठवलं, आणि खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला. आईचं मरण समोर होतं, आणि माझा जीव भांड्यात पडला! ती लाज अजून जात नाही.

तशीच शेलूला गेले. आई ऐकेना. शेवटी रडत सांगितलं, "आये, काचेवर माझं नाव हाय."

ती चुलीपुढून ताडकन उठली. "तुझं पुस आधी! माझं लिव. चल, आत्ताच चल."

ऑपरेशनात अर्धा गाल गेला, पण दोन वर्षं मिळाली तिला.

आता दर शिमग्याला मी माझ्या गालाची काच करते. भिंगाला डोळा लावण्याआधी नाव वाचते. काचेवर नाव माझंच असतं. ते पुसून "माझं लिव" म्हणणारं शेलूला आता कोणी नाही. माझं घर म्हणजे ती तेवढीच होती.