बंदराचा मुकादम

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, हे त्याचं काम. गिऱ्हाइकाचं तोंड त्याला कधी दिसायचं नाही, दिसायचे ते नंबर. दिवसभर कानात मशीनची घरघर. त्यामुळे संध्याकाळी घरी आला की चहाचा कप घेऊन तो थेट कॉम्प्युटरपुढे बसायचा. बायको म्हणायची, "आले महाराज. आता राज्यकारभार सुरू."

राज्यच होतं ते, कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. जुन्या काळातलं शिडाचं जहाज अनोळखी किनाऱ्याला लागतं, मूठभर माणसं उतरतात आणि त्यांची वसाहत आपण वसवायची. आधी विहीर, मग धान्याचं कोठार, लाकडाची वखार, बोटींसाठी धक्का. कुणाला कुठल्या कामाला लावायचं ते आपण ठरवायचं. माणसांना नावंही देता यायची. त्यानं सगळा गोतावळाच तिथे उतरवला होता. ताई बेकरीत, मेहुणे मिठागरात, आणि दुकानाचा मालक डुकरं राखायला. दिवसभर मालकाची बोलणी खाल्ली की संध्याकाळी त्याला डुकरांमागे पळताना बघून जिवाला थंडावा मिळायचा.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर वडील त्याच्याकडे राहायला आले. उभा जन्म गोदीत क्रेन चालवण्यात गेलेला, त्यामुळे बसून दिवस जाता जात नव्हता. एका रविवारी दुपारी ते खुर्ची ओढून त्याच्यामागे बसले.

"हे काय रे? बंदर?"

"हो. आपलंच आहे."

"मी आहे का यात?"

त्याला हसू आलं. एका पिकल्या दाढीच्या माणसाला त्यानं 'बाबा' नाव दिलं आणि धक्क्यावर उभं केलं. "हे बघा. बंदराचे मुकादम."

म्हातारा एवढा खूश झाला की विचारू नका. खालच्या बागेतल्या बाकावर त्यांचा एक दोस्त बसायचा, निवृत्त पोस्टमन. त्याला त्यांनी ऐटीत सांगितलं, "पुन्हा कामाला लागलोय. मुकादम म्हणून." मग रोज चौकशी सुरू झाली. आज माल किती चढला? बोट रिकामी का परतली? इतकी वर्षं बापलेकांमध्ये 'जेवलास का' आणि 'हो' यापलीकडे बोलणं नव्हतं, ते आता धक्क्यावरच्या पोत्यांवरून गप्पा मारायला लागले.

पुढे खेळात दुष्काळ पडला. पीक करपलं, कोठाराचा तळ दिसायला लागला. आता खाणारी तोंडं कमी केल्याशिवाय वसाहत तगणार नव्हती. त्यानं सगळ्यांची माहिती उघडून पाहिली. 'बाबा' म्हातारे झाले होते. काम शून्य, शिधा पूर्ण. जहाजावर घालून रवानगी करायची सोय खेळात होती. 'नक्की पाठवायचं?' असं स्क्रीनवर आलं. त्यानं फट्दिशी 'हो' दाबलं. कोठाराचा आकडा सावरला तसं तो स्वतःशीच म्हणाला, "सुटलो."

मागे खुर्चीत वडील होते. डोळे मिटलेले. डुलकी लागली असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पोस्टमनकाकांना घरी घेऊन आले. काकांनीच हट्ट धरला होता. "दाखव रे तुझ्या बापाचं बंदर. रोज ऐकून ऐकून कान किटले माझे."

त्यानं खेळ उघडला. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

"मुकादम कुठे आहेत?" काकांनी चष्मा सरसावत विचारलं.

"ते... व्यापाराला गेलेत. समुद्रावर."

काका वडिलांकडे वळले. वडील क्षणभरही अडखळले नाहीत. "हो, हो. कालच निघालो. लांबची सफर आहे, वेळ लागेल." आणि आपण होऊन चहाचा विषय काढला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापानं सगळं पाहिलं होतं, आणि वर काकांसमोर त्याची लाज राखली होती.

त्यानंतर वडिलांचं जेवण कमी झालं. सूनबाई भात वाढायला लागली की ते ताटावर हात आडवा धरायचे. "पुरे गं. बसून खाणाऱ्याला भूक कसली?" दुसऱ्यांदा हे ऐकल्यावर तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "यांना कोण काय बोललं?"

त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि मी कुठे आहे त्या गावात?"

"विहिरीवर."

"म्हणजे तिथेही पाणीच भरतेय!" ती हसली नाही. "जा. त्यांच्याशी बोल."

वडील गॅलरीत पायाला तेल चोळत बसले होते. तो शेजारी उकिडवा बसला. "बाबा, तो नुसता खेळ होता हो."

"खेळच की. मला काय कळत नाही?"

"मी मागचा डाव परत उघडतो. तुम्हाला परत आणता येतं."

"नको." तेलाची बाटली बंद करत ते म्हणाले, "पाठवलंस त्याचं काही नाही रे. खायला काळ नि भुईला भार, त्याला कुणीही पाठवेल. पण जरा थांबला असतास. बटण दाबताना हात जरा तरी थांबायला हवा होता."

हात थांबला नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं वडिलांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

रात्री जेवताना त्यानं स्वतः भात वाढला, जरा जास्तच. वडिलांनी त्यातला अर्धा मुकाट्यानं त्याच्या ताटात टाकला आणि उरलेला खाल्ला. पुढे हळूहळू ते पोटभर जेवायला लागले, बाकावरही जायला लागले. मुकादमाचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यानंही कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते टाकलंच.

बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी तो उगाच पेपर चाळत बसला होता. वडील दारातून म्हणाले, "हल्ली खेळत नाहीस?"

"नाही. कंटाळा आला."

"खेळ की रे," ते म्हणाले. "मी आत जाऊन पडतो." आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.