गिरमिट ताईचं होतं

मी तिसरीच्या वर्गावर शिकवत होते. दाजींचा निरोप घेऊन माणूस दारात आला आणि म्हणाला, "बाई, घरी चला... तुमच्या ताई गेल्या." सहा दिवसांच्या तापानं माझी थोरली बहीण सुभद्रा गेली. त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी रडले कमी आणि चिडले जास्त. कारणही सांगते. आमच्याच शाळेत तिची शोकसभा झाली. समोर दाजी, म्हणजे तिचे यजमान वकीलसाहेब, बसले होते. एक वक्ते म्हणाले, "वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या बाकांवर आज आपल्या मुली शिकतात. त्या हातांना या माउलीनं जन्मभर साथ दिली." साथ! मी ताडकन उठणार होते, पण शेजारच्या बाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं. दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. म्हणून आता मी बोलते. शाळेतली बाराच्या बारा बाकं माझ्या ताईनं केली आहेत.

आमचं माहेर देवगाव रंगारीचं. घरात शेती, दारात लिंब, आणि पेरणीआधी त्या लिंबाखाली गावचा सुतार नांगर-वखर नीट करायला बसे. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत, ताई मात्र सुतारकाकांसमोर फतकल मारून बसलेली असे. ते ओरडत, "आगं पोरी, वाकस लई धारंचा हाय, बोट जाईल!" ही म्हणे, "जाऊ द्या की, नऊ उरतील." काकांनी शेवटी हार मानली आणि तिला करवत धरायला शिकवलं. ताई डावरी होती. आईनं चमचा आणि लेखणी मारूनमुटकून उजव्या हातात दिली, पण करवत डाव्याच हातात राहिली.

लग्न होऊन ती इथं औरंगाबादला वकिलाच्या घरात आली, आणि पुढं मीही इथल्याच शाळेत शिकवायला लागले. मागच्या खोलीत खुर्चीचा पाय बसव, कपाटाला फळी लाव, असं तिचं गुपचूप चाले. शहरात वीज आली, घरात दिवा लागला, आणि मुंबईच्या एका दुकानाच्या छापील यादीत तिनं विजेच्या गिरमिटाचं, म्हणजे लाकडाला भोकं पाडायच्या यंत्राचं, चित्र पाहिलं. मग तिला दुसरं काही सुचेना. अखेर स्वतःच्या पाटल्या मोडून तिनं ते मागवलं. मागणी गेली ती दाजींच्या नावानं. "वकिलाची बायको सुतारकाम करते म्हटल्यावर अदालतीत तोंड कसं दाखवू?" असं ते म्हणाले. ताई हसून म्हणाली, "नाव कुणाचं का आसंना, भोक सरळ पडलं म्हंजे झालं." मुंबईहून पेटी आली तेव्हा जकात नाक्यावरच्या जवानानं ती उघडून, पिस्तूल समजून विचारलं, "ये तमंचा किसका है?" दाजींनी छाती काढून सांगितलं, "मेरा." तिथून पुढं ते त्यांचंच झालं.

खोलीतला दिवा काढून त्याच होल्डरात गिरमिटाची वायर लावावी लागे, म्हणून काम सगळं दिवसाउजेडी. दाजी अदालतीत गेले की ती पदर खोचून उभी राहायची. आधी खिळ्यानं खूण करायची, मग श्वास रोखून टोक टेकवायची. सागवानाचा भुसा तिच्या भुवयांवर बसायचा. त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला आवडत नसे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिच्या सासूबाईंनी घरातली हत्यारं पूजेला मांडली. त्यात गिरमिटही ठेवलं. म्हातारी मनानं फार चांगली. करवतीला घातलं तसंच तिनं गिरमिटालाही दुधापाण्यानं न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं. दसरा झाल्यावर ताईनं वायर जोडली, तर एक ठिणगी उडाली आणि धूर निघाला. सासूबाई रडायला लागल्या, "माझ्या हातानं पाप झालं गं." ताईच त्यांची समजूत घालत बसली.

गिरमिट घेऊन दाजी शहागंजातल्या करीम मिस्त्रीकडे गेले. बिघाड नीट सांगायला मी सोबत होते, कारण दाजींना तो सांगता येणार नव्हता. मिस्त्रीनं मशीन हातात फिरवून पाहिलं, मूठ पाहिली, चिठ्ठीवर सही करणाऱ्या दाजींकडे पाहिलं. "वकीलसाब, इसका रंग तो उल्टे हाथसे घिसा है. तुम सीधे हाथसे दस्तखत करे. ये मशीन तुम चलाते नै." दाजी लालबुंद झाले. परत येताना टांग्यात मला म्हणाले, "घरी हा विषय नको." आणि मी, शहाणी, गप्प बसले!

गिरमिट दुरुस्त होऊन आलं. पुढं आमच्या शाळेतल्या पोरी गोणपाटावर पोक काढून बसतात, हे मीच ताईला सांगितलं. तिनं वर्षभर खपून बारा बाकं केली. शाळेनं समारंभ केला, पितळी पाटी लावली, उर्दूत आणि मराठीत: "वकीलसाहेबांनी स्वहस्ते घडवलेली बाके." मी टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा!  घरी येताना ताई म्हणाली, "एका तरी बाकावर माझं नाव आसतं तर... लई बरं वाटलं आसतं." त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही. मला मात्र तेव्हापासून ती पाटी डोळ्यांत खुपते.

परवा मी दाजींकडे गेले आणि ती पाटी बदला म्हणून सरळ सांगितलं. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला आता नाव काय करायचंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "गेलेल्याला नसेल, पण त्या बाकांवर बसणाऱ्या पोरींना करायचंय!" ते उठले आणि त्यांनी मागच्या खोलीची कडी काढली. मग हळूच म्हणाले, "गिरमिट तेवढं घेऊन जा. मला... ते चालवता येत नाही." लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर हे खरं त्यांच्या तोंडून निघालं, तेही चार भिंतींच्या आत.

मागच्या खोलीत गेले. खिडकीखाली एक स्टूल उलटं पडलेलं होतं. तीन पाय बसलेले, चौथ्याच्या जागी नुसती खिळ्याची खूण. मी दिवा काढला, वायर जोडली, श्वास रोखला. भोक तिरपं गेलं. ताईनं मला काय काय सुनावलं असतं! पाय ठोकून बसवला, स्टूल डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं शाळेत आणलं आणि माझ्या वर्गात ठेवलं. ते डुगडुगतं. काल मोठ्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "वकीलसाहेबांनी केलं वाटतं?"

मी पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही. तीन पाय माझ्या ताईचे, सुभद्रेचे. तिरपा आहे तो माझा. वकीलसाहेबांचा यात एकही नाही."