गिरजाबाईच्या नावाची कॅसेट

मीरा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांनाही नाही.

परवा फोनवर किती आनंदात होतीस तू! माझ्या कपाटातून नेलेली गिरजाबाईची कॅसेट छान वाजते, ओल वगैरे काही लागलेली नाही, रविवारी वनिताला तिच्या आईचा आवाज पाठवते — असं म्हणालीस. तेव्हापासून फोन वाजला की उचलायला धजत नाही.

वस्तूवर नाव लिहिलं की ती हरवत नाही, असं मी तुम्हा नातवंडांना नेहमी सांगायचे ना? त्या कॅसेटवरचं नाव मीच लिहिलंय. ठसठशीत.

तेव्हा मी राळेगावला इंग्रजी शिकवत होते. जात्यावरच्या ओव्यांचं स्वरलेखन करायला शहरातल्या एका संस्थेनं मला संगणक दिला होता. कॅसेट लावायची, तो सूर ओळखून स्वर लिहायचा. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचणीच नव्हती, म्हणून गिरजाबाई दुपारची रिकामी सापडली. सापडली — हाच शब्द खरा. माझ्या पडवीत जात्यावर बसून ती गायली. काय गायली! पण संगणकाला जात्याची घरघरही सूरच वाटली. पडद्यावर नुसता स्वरांचा चिखल. मी तिला जातं थांबवून गायला सांगितलं.

"मास्तरीणबाई, हात थांबला का मले ओवी आठोतच नाही. तुमच्या डब्याले जात्याचा कायचा राग?" ती हसली. चार शब्द गायली, अडली, घरी गेली.

संस्थेत माझं हसं होईल — एवढीच भीती होती. दुसरी कॅसेट का नाही आणली? बाजार काय लांब होता? मी दार लावलं आणि त्याच कॅसेटवर, तिच्या आवाजावर, तिची ओवी स्वतः गायले. सरळ, स्वच्छ. संगणकानं स्वर बिनचूक लिहिले. तू पियानोवर वाजवतेस ते हेच स्वर.

पुढच्या उन्हाळ्यात गिरजाबाई तापानं गेली. तेराव्यानंतर वनिता आली. "बाई, मायचा आवाज आयकवा ना. एक डाव." मी म्हणाले, कॅसेटला ओल लागली. तर तीच माझी समजूत घालायला लागली — "जाऊ द्या बाई. तुम्ही थोडीच मुद्दाम केलं!"

माझा तेव्हाचा आवाज तुला ओळखू आला नाही. वनिताला पहिल्याच ओळीला कळेल, ही तिची माय नाही. काल तिला सांगायला निघाले होते. बसस्टँडवर तिच्या गावची, ढाणकीची एसटी लागली, भरली, सुटली. मी बाकावरच.

त्या कॅसेटच्या सुरुवातीला जात्याची एक फेरी पुसायची राहिली आहे. नीट ऐक — तिच्यामागे एक श्वास आहे, ओवी उचलण्याआधीचा. तेवढीच गिरजाबाई.

पुढे मी आहे.