सातव्या फोल्डरातला कमिट

ज्ञानेश्वरी मिरजगावची. राहुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून तिला आठ महिने झाले होते. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कधी मिळणार, याचे मेसेज शेतकऱ्यांना पाठवणारं ॲप ही कंपनी चालवायची.

ॲपचा मुख्य कोड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या फोल्डरात, होता. त्यातच आणखी सात रिपॉझिटरी पडून होत्या. वेगवेगळ्या माणसांनी त्या आणून ठेवल्या होत्या. वापर कशाचाच नव्हता.

"कुनी हात लावत न्हाई. उडव सगळ्या," मालक आप्पासाहेब म्हणाले.

"आधी बघते, सर. आतल्या रिपॉझिटरीचा इतिहास मुख्य कोडमध्ये नसतो. फोल्डर उडवलं की तोही जातो."

तिने सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग एकेक फोल्डर उघडून अर्धवट बदल, बाजूला ठेवलेलं काम आणि सर्व्हरवर न गेलेले कमिट, म्हणजे नोंद करून ठेवलेले बदल, तपासले. सहा फोल्डरांत असं काही राहिलेलं नव्हतं. सातव्यात एक कमिट अडकलेला होता. दोन वर्षांपूर्वीचा, अंगदचा.

हा अंगद काष्टीचा, तेव्हा याच कंपनीत कामाला होता. महिना तीस दिवसांचा असला की कालव्याच्या शेवटच्या गावांना तारीख एक दिवस उशिराची जायची. तक्रारी वाढल्यावर आपण दुरुस्ती केली, असं अंगदने सांगितलं. पण मेसेज चुकतच राहिले. आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं आणि त्याने नोकरी सोडली.

दुरुस्ती बरोबर होती. फक्त ती आतल्या रिपॉझिटरीत झाली होती आणि ॲप अजूनही मुख्य कोडमधली जुनी प्रत वापरत होतं.

आप्पासाहेबांनी स्क्रीन दोनदा वाचली. खुर्चीत बसून त्यांनी अंगदला फोन लावला. तो आता काष्टीत भाजीपाल्याची रोपवाटिका चालवत होता.

"तुझं काम सापडलं," ते म्हणाले. "तू केलं हुतंस. माझं चुकलं."

अंगद म्हणाला, "मलाबी वाटायला लागलं हुतं, की मी केलंच न्हाई."

परत येण्याबद्दल त्यांनी विचारलं. तो नको म्हणाला. रोपांना पाणी चालू होतं, त्याने फोन ठेवला.

ज्ञानेश्वरीने तो कमिट सर्व्हरवर पाठवला आणि दुरुस्ती मुख्य कोडमध्ये अंगदच्याच नावाने घातली. चाचणीत तारखा बरोबर आल्या. मग तिने सातही फोल्डर उडवले, ॲप पुन्हा चालवून पाहिलं. बाहेरची डिस्क मात्र तिने महिनाभर तशीच ठेवली.